डॅशबोर्डवर दिवा लागला, आता काय? नव्या गाडीमालकांसाठी मार्गदर्शन

चारचाकीच्या डॅशबोर्डवर तीस-चाळीस चिन्हं असतात. ती सगळी पाठ करण्याची गरज नाही. दिवा लागल्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: इंजिन आत्ता बंद करायचं, गॅरेजपर्यंत न्यायचं, की या आठवड्यात कधीतरी दाखवायचं? खालची सगळी मांडणी या प्रश्नाभोवती आहे.

रंगावरून पहिला अंदाज येतो. लाल म्हणजे थांबा, पिवळा किंवा नारिंगी म्हणजे लवकर बघा, हिरवा आणि निळा म्हणजे अमुक एक गोष्ट चालू आहे एवढंच. याला दोन अपवाद आहेत. हँडब्रेक ओढलेला असला तरी दिवा लालच लागतो. आणि पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकायला लागला तर तो जवळजवळ लालच समजायचा.

गाडीत काय काय ठेवावं

- ओनर्स मॅन्युअल. त्यातल्या चिन्हांच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. घाटात नेट मिळेलच असं नाही.
- विम्याची पॉलिसी आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर. पॉलिसीत ही सोय आहे का, टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे, हे आधीच वाचून ठेवा.
- आरसी, पीयूसी आणि लायसन्स. डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात.
- गाडीसोबत आलेला परावर्तक त्रिकोण, टॉर्च, जाड फडकं, हातमोजे.
- तुमच्या गाडीच्या ग्रेडचं अर्धा ते एक लिटर इंजिन ऑइल, एक लिटर तयार कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव), दोन बाटल्या साधं पाणी.
- टायरमधली हवा मोजायचा गेज. जमलं तर ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि व्होल्टेज मोजायला साधा मल्टीमीटर.

१. आधी निरोगी डॅशबोर्ड कसा दिसतो ते बघा

आजच, घरासमोर गाडी उभी असताना हे करा. चावी ‘ऑन’वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. बटण-स्टार्ट गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग असे बरेच दिवे एकदम लागतील. हे बिघाड नाहीत, गाडी स्वतःचे दिवे तपासून घेते आहे. काही सेकंदांत एबीएस आणि एअरबॅगचे दिवे विझतात. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन मात्र इंजिन सुरू होईपर्यंत राहतात, आणि सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत गेले पाहिजेत.

या अवस्थेचा फोटो काढून ठेवा. यातला एखादा दिवा पुढे कधी लागलाच नाही, तर तोही बिघाडच आहे.

गाडी चालता चालता बंद पडली तरी ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागतात, कारण इंजिन फिरत नाही. नवीन चालक तेव्हा ऑइल गेलं म्हणून घाबरतो. आधी इंजिन चालू आहे का ते बघा.

२. लाल दिवा लागल्यावर गाडी बाजूला कशी घ्यावी

कचकन ब्रेक मारू नका. हॅझार्ड लाइट लावा, आरशात बघत डाव्या कडेला या. इंजिन बंद पडलं असेल तर पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच उरते. म्हणून पेडल पंप न करता एकदाच, सलग आणि जोरात दाबा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी ‘लॉक’वर नेऊ नका, नाहीतर स्टिअरिंग अडकेल.

त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा, द्रुतगती मार्गावर आणखी लांब. तो ठेवायला जाताना कडेच्या बाजूने चाला. माणसांनी गाडीत बसून राहू नये. डावीकडच्या दारातून उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही आणीबाणीत ११२.

३. ऑइल प्रेशर: लाल झारीचं चिन्ह

सगळ्यांत महाग पडणारा दिवा हाच. इथे मिनिटांचा नाही, सेकंदांचा हिशोब असतो.

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडला आहे हे सांगतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो दाबावरच टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे कायमचं जाम होतं. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ या एका विचाराने इंजिनचं पूर्ण काम निघतं.

काय करायचं:

- सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये गडगडत जाता आलं तरी चालेल, पण इंजिन बंदच.
- सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली तळात उतरेल.
- डिपस्टिक ओढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पहिल्यांदा ओढल्यावर दिसणारी पातळी धरू नका.
- गाडीखाली बघा. आडबाजूच्या गावांत रंग उडालेले स्पीडब्रेकर आणि दगड यांनी ऑइलचा चेंबर फुटतो. रस्त्यावर काळा ओघळ दिसला तर ऑइल ओतून उपयोग नाही, टोइंगच.
- पातळी खालच्या खुणेखाली आहे, गळती नाही, ऑइल जवळ आहे: अर्धा लिटर ओता, थांबा, परत मोजा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. मग इंजिन सुरू करा. दोन-तीन सेकंदांत दिवा गेला तर हळू जवळच्या गॅरेजला. नाही गेला तर लगेच बंद.
- पातळी बरोबर असून दिवा लागतोय: सुरू करूच नका. पंप, गाळणी किंवा प्रेशर स्विच यांपैकी काहीतरी असेल. स्विच स्वस्तात येतो आणि खराब होतोही. पण ‘स्विचच असेल’ हे रस्त्यावर ठरवता येत नाही, गॅरेजमध्ये गेज लावूनच कळतं.

वळणावर किंवा चढावर हा दिवा क्षणभर चमकून जात असेल तर बहुतेक ऑइल कमी आहे. कललेल्या चेंबरमध्ये पंप हवा ओढतो. असं एकदा जरी झालं तरी त्याच दिवशी डिपस्टिक बघा.

४. इंजिन तापलं: थर्मामीटरचं लाल चिन्ह

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. थंड इंजिनला निळा दिवा, तापल्यावर लाल, मधल्या काळात काहीच नाही. निळ्याची काळजी नको, फक्त तो जाईपर्यंत इंजिन ताणू नका.

काटा चढायला लागला आहे पण लाल दिवा अजून लागलेला नाही, असं घाटात नेहमी होतं. उन्हाळ्यात कसारा किंवा बोरघाट पूर्ण भरलेल्या गाडीने, एसी लावून, ट्रकच्या मागे रांगत चढताना रेडिएटरला वारा मिळत नाही. एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा. मे महिन्यात हे करणं शिक्षा वाटते, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे, आणि काटा उतरतो.

लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ आली, तर बाजूला घेऊन इंजिन बंद. मग:

- वाफ थांबेपर्यंत बोनेट उघडू नका.
- रेडिएटरचं किंवा प्रेशर असलेल्या कूलंट टाकीचं झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते उसळून चेहऱ्यावर आणि हातांवर येतं. या कामात होणारी सगळ्यांत वाईट इजा हीच.
- वरचा होज हाताला सोसवेल इतका गार झाला की फडकं धरून झाकण थोडं फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा.
- तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. ढाब्यावरचे मदतनीस बादली घेऊन धावत येतात तेव्हा त्यांना आधी थांबवा.
- गार झाल्यावर कूलंट भरा. नसेल तर अडीनडीला साधं पाणी चालेल, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या.

एक फसवी गोष्ट. काटा चढत चढत अचानक ‘थंड’वर पडला, म्हणजे इंजिन गार झालं असं नाही. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं तापमान दाखवतो. त्याच वेळी हीटरमधून गार हवा आली तर शंका घेऊ नका, इंजिन बंद करा.

कूलंट भरल्यावर परत तापलं तर प्रश्न फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केटचा आहे. एसी लावल्यावर रेडिएटरचा फॅन फिरतो का बघा. फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासा, ते स्वस्तातलं काम आहे.

५. बॅटरीचा लाल दिवा

नाव बॅटरीचं, पण दुखणं बहुतेक वेळा अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याच्या बेल्टचं. चार्जिंग थांबलेलं असतं आणि गाडी बॅटरीतल्या साठ्यावर चालत असते.

बोनेट उघडून बेल्ट जागेवर आहे का एवढं बघा. काही इंजिनांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. तुटला असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल, म्हणून गाडी पुढे न्यायची नाही. बेल्ट शाबूत असेल तर एसी, म्युझिक, मोबाइल चार्जर, मागची काच गरम करणारं बटण, सगळं बंद करा आणि थेट गॅरेज गाठा. मध्ये इंजिन बंद करू नका, परत सुरू होईलच असं नाही. दिवसा बऱ्यापैकी अंतर निघतं. रात्री, पावसात, हेडलाइट आणि वायपर चालू असताना फार नाही.

मल्टीमीटर असेल तर: इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. चालू असतानाही आकडा बाराच्या आसपास अडकला असेल तर चार्जिंग होत नाही. स्मार्ट चार्जिंगच्या नव्या गाड्यांत आकडा मध्येच खाली येतो, त्यामुळे हेडलाइट लावून परत मोजा.

व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे इतर दिवेही एकापाठोपाठ लागतात. पाच दिवे एकदम लागले तर पाच बिघाड शोधत बसू नका, आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का बघा.

६. ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा

वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा तीन गोष्टी सांगू शकतो: हँडब्रेक पूर्ण खाली नाही, ब्रेक ऑइल कमी आहे, किंवा ब्रेकचा दाब पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी यंत्रणा बंद पडली आहे. हँडब्रेक एकदा ओढून पूर्ण सोडा. दिवा गेला तर संपलं.

नाही गेला तर पेडल दाबून बघा. नेहमीसारखं कडक आहे का? पाय खाली जात असेल किंवा पेडल स्पंजसारखं लागत असेल तर गाडी इंचभरही पुढे न्यायची नाही. पेडल कडक असेल तर बोनेटमधली ब्रेक ऑइलची पारदर्शक डबी बघा.

पातळी खाली असली की लोक ऑइल ओततात आणि विसरतात. नेमकी चूक इथे होते. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते कमी झालं म्हणजे एकतर ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळतंय. वर ओतल्याने इशारा दबतो, कारण तसंच राहतं. ओतायचंच तर झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि नव्या सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतली ओल शोषते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं.

एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला तर साधे ब्रेक चालू असतात. जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं, म्हणून अंतर वाढवा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. बहुतेक वेळा चाकाजवळचा स्पीड सेन्सर चिखलाने माखलेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली असते. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये शिरतात तेव्हा या वायरी त्यांच्या आवडीच्या. पण एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल एकत्र लागले तर जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. तेव्हा टोइंग.

घसरणारी गाडी आणि मागे नागमोडी रेषा, हा पिवळा दिवा ओल्या रस्त्यावर लुकलुकला तर स्टॅबिलिटी यंत्रणा काम करते आहे, ॲक्सिलरेटर सोडा. सलग लागून राहिला तर ती बंद आहे, कधी कधी चुकून बटण दाबलं गेल्यामुळे.

७. एअरबॅग आणि सीटबेल्ट

एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर गाडी उत्तम चालते, म्हणून महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. अर्थ एवढाच, की धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. नेहमीचं कारण सीटखालच्या कनेक्टरमध्ये सापडतं: सीटखाली छत्री, बाटली, चप्पल कोंबली जाते आणि वायर ओढली जाते. सामान काढा, पण पिवळे कनेक्टर स्वतः उपसू नका आणि त्यांना मल्टीमीटर लावू नका. बॅग जागच्या जागी उघडू शकते. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर बाजारातलं घट्ट सीटकव्हर तिची वाट अडवतं. त्यासाठी बाजूची शिवण मोकळी ठेवलेलं कव्हर मिळतं.

सीटबेल्टची टिकटिक, तसंच ताशी ८० किलोमीटरला इशारा आणि १२०ला सलग बीप, हे १ जुलै २०१९ पासून बनलेल्या सगळ्या गाड्यांत सक्तीचं आहे. तो बिघाड नाही, बंद करून मागू नका. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी माणूस बसला असं समजते. पिशवी खाली ठेवा. आवाज बंद करायला बकलमध्ये अडकवायच्या क्लिप विकल्या जायच्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या. बेल्ट न लावल्याचा दंड १००० रुपये आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्टशिवाय पुढे फेकल्या गेलेल्या छातीवर तीच आदळते.

८. चेक इंजिन

सलग पिवळा: गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरू नका, शांतपणे चालवा, दोन-तीन दिवसांत स्कॅन करा. लुकलुकणारा: एखादा सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं इंधन नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आणि तो भाग फार महाग आहे. वेग कमी करा, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवा, जवळच थांबा.

स्कॅनरचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं, सोळा पिनांचं. कोड काही असे येतात: पी ०३०० म्हणजे मिसफायर, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, पी ०१२८ म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट.

कोड लक्षण सांगतो, पार्ट सांगत नाही. पी ०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदला असं सांगणारे भेटतील. कारण फाटका हवेचा पाइपही असू शकतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत ट्युनिंग बिघडल्यामुळे हे कोड नेहमी येतात. पेट्रोलवर पन्नासेक किलोमीटर चालवून बघितलं की किटचा दोष आहे की गाडीचा, याचा अंदाज येतो.

‘लाइट घालवून देतो’ म्हणणाऱ्याकडून नुसता कोड पुसून घेऊ नका. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, तापमान, आरपीएम अशी नोंदही पुसली जाते, आणि पुढच्या मेकॅनिकच्या हातात काहीच उरत नाही. आधी कोडचा फोटो, मग दुरुस्ती, मग पुसणं. जुना पार्ट परत मागा.

९. डिझेलवाल्यांसाठी

स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह विझलं की मगच स्टार्ट करा. डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी फिल्टरमधलं पाणी काढून घ्या, इंजेक्टर जातील.

बीएस ६ डिझेलमध्ये काजळी गाळणारा डीपीएफ असतो. गाडी रोज चार-पाच किलोमीटर, तेही गर्दीत चालली तर तो भरतो आणि दिवा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा. काजळी जळून जाते. हे चालू असताना मध्येच बंद करत राहिलात तर जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. तसं दिसलं तर ऑइल बदला. जिथे डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणारा युरियाचा द्रव) वेगळी टाकी असते तिथे उरलेले किलोमीटर शून्यावर जाऊ देऊ नका, नंतर गाडी सुरूच होत नाही. आणि डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीही फिरवू नका, टाकी रिकामी करून घ्या.

१०. टायर, स्टिअरिंग आणि पाणी

कंसासारखं पिवळं चिन्ह आणि आत उद्गारचिन्ह, म्हणजे टायरमधली हवा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, टायरवर छापलेला नाही. तो टायरची कमाल मर्यादा असते. हवा गाडी गार असताना मोजा. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर बहुधा सेन्सर बिघडलाय. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर तासन्‌तास जोरात पळवला तर बाजूची भिंत तापून फुटते, म्हणून तिथे हा दिवा लागला की वेग हळूहळू उतरवून बाहेर पडा.

स्टिअरिंगचं पिवळं चिन्ह लागून स्टिअरिंग जड झालं तर गाडी थांबवून बंद-चालू करा. परत लागलं तर बॅटरी आधी तपासा.

मुंबईत साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि सगळे दिवे लागले, तर परत स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं. लाल दिव्यावर चालवत नेऊन सीझ केलेल्या इंजिनचा दावाही असाच अडकतो.

११. जुनी गाडी घेताना

पहिल्या टप्प्यातली चावी ‘ऑन’ची तपासणी विकणाऱ्यासमोर करा. एअरबॅगचा किंवा चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर तो काढलेला किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलेला असू शकतो. एअरबॅग आणि ऑइलचे दिवे बरोबर एकाच क्षणी विझत असतील तरी शंका घ्या. मग स्कॅनर लावा आणि कोडबरोबर ‘रेडिनेस’चं, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या ते दाखवणारं पानही उघडा. कोड एकही नाही, पण बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर बॅटरी काढली होती किंवा कोड नुकतेच पुसले आहेत. पैसे देण्याआधी गाडी दोन-तीन दिवसांत शंभरेक किलोमीटर चालवायला मागा आणि पुन्हा स्कॅन करा.